उजवं फूल

मंडळी, आज देवीच्या ह्या मांडवात एक प्रश्न घेऊन उभा आहे. वेदान्ताचा नाही, बाजारातला आहे! लहान पोरालाही उत्तर येईल, आणि आपल्यातल्या चांगल्या चांगल्या शहाण्यांना कदाचित येणार नाही.

बोलायला काय लागतं? — तोंड. बरोबर! ऐकायला काय लागतं? — कान. शाब्बास! मग आता सांगा, ती टॅब म्हणून काचेची पाटी मिळते ना हल्ली, तिच्यावरून लांबच्या माणसाशी बोलायचं असेल, तर त्या पाटीला डोळा लागतो का? तो वरचा बारीकसा कॅमेरा — हवाच का तो? आवाज येतोय, आवाज जातोय, ख्यालीखुशाली कळतेय. मग बघायचं कशाला?

कोण म्हणालं 'नको'? तुम्ही? बसा, बसा, उठू नका. उत्तर लक्षात ठेवलंय तुमचं. शेवटी पुन्हा विचारणार आहे!

आणि ते खांबाजवळचे पिवळा शर्टवाले! अहो, मघापासून माझा व्हिडिओ काढताय. मी इथं धडधाकट समोर उभा, आणि तुम्ही मला बोटभर पडद्यात बघताय! काय म्हणता? बायको नंतर बघेल? मग बायकोलाच घेऊन यायचं होतं की! ठेवा तो फोन खाली. हां. आता ऐका.

समुद्र जवळ आहे पण दिसत नाही, असं कोकणातलं एक लहानसं गाव. त्या गावची देवी कशी? मूर्ती नाही हो! नाक नाही, हात नाहीत, आयुधं नाहीत. नुसती शेंदूर फासलेली एक शिळा. आणि त्या शिळेवर काय? — डोळे! रुप्याचे दोन डोळे, मेणानं चिकटवलेले. एवढंच. डोळे आहेत म्हणून ती आई, आणि काढले तर तो दगड.

दर वर्षी माघातल्या जत्रेला ते डोळे काढायचे, चिंचेनं लख्ख धुवायचे, आणि नवं मेण लावून पुन्हा बसवायचे. हा मान गुरवांचा. आणि बरं का, डोळे बसेपर्यंत गावात एक माणूस देवीपुढं तोंड उघडत नाही. नवस नाही, मागणं नाही, काही नाही. काय मागणार? तिला दिसतच नाही ना तेव्हा!

आणखी एक रीत सांगून ठेवतो. कुणाला काही विचारायचं असलं — पोरीचं लग्न जमेल का, विहिरीला पाणी लागेल का — की गुरव त्या शिळेच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मागणं देवीच्या कानावर घालतो, आणि सगळी मंडळी टक लावून बसतात. उजव्या अंगाचं फूल पडलं — काम झालं! देवी प्रसन्न! डावं पडलं — थांबा जरा. ह्याला कौल म्हणतात. हे फूल लक्षात ठेवा, मंडळी. सगळं आख्यान ह्या फुलावर आहे.

तर त्या गावात सुभद्राबाई गुरव. नवरा गेलेला. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती, फुलं, सगळं ही एकटी बघायची. मुलगा एकच. नाव विश्राम! आणि नाव विश्राम असून माणसाला क्षणाची उसंत नाही. पुण्याकडे एका मोठ्या कारखान्यात नोकरी, बायको, मुलगी, फ्लॅट. पण माघात यायचा हो! डोळे बसवायचा मान त्याचा होता, आणि तो मान त्यानं कधी चुकवला नाही. वाईट मुलगा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कुणा दुष्टाची गोष्ट, आपला काय संबंध! नाही. तुमच्या-आमच्यासारखाच चांगला मुलगा होता.

आता ह्या विश्रामच्या कारखान्यात कॅमेरा आत न्यायला बंदी! आतली यंत्रं कशी बनतात त्याचे फोटो कुणी पळवू नये म्हणून. फोन दारावर काढून ठेवायचा. आणि आत कामाला ज्या टॅब दिलेल्या होत्या, त्या मुद्दाम बिनकॅमेऱ्याच्या करून घेतलेल्या. पुढं डोळा नाही, मागं डोळा नाही! पुढं नव्या टॅब आल्या, जुन्या होत्या त्या कामावरच्या माणसांना वाटून टाकल्या. विश्राम एक घरी घेऊन आला.

मुलीनं हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. म्हणाली, ‘‘पप्पा, हिला कॅमेराच नाहीये. मला नको.’’

झालं! मुलीसाठी नवी आली. आणि जुनी कुठं गेली? सांगा! — गावी! आईला! घरात कुणालाच नको असलेली वस्तू कुठं जाते हो? मिक्सर घरघर करायला लागला — गावी! चादरीचा रंग उडाला — गावी! टॅबला डोळा नाही — गावी, आईला! हसताय? हसा. कुणाच्या गावी काय काय पोचलंय ते मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

गणपतीला गेला तेव्हा घेऊन गेला. म्हणाला, ‘‘आई, तुझ्यासाठी टॅबलेट आणलीय.’’

सुभद्राबाई म्हणाली, ‘‘कशावरची रे? जेवणाआधी घ्यायची की नंतर?’’

मग तिला शिकवलं. सिम घातलं, बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं. ‘‘रोज संध्याकाळी मी फोन करीन, हे हिरवं दाबायचं. मी दिसेन तुला.’’ दिसेन! बघा हं, काय म्हणाला! ‘मी दिसेन’ म्हणाला. ‘तू दिसणार नाहीस’ — हे म्हणायचं राहिलं. खोटं एक अक्षर बोलला नाही. खरं जे होतं तेही बोलला नाही.

विश्राम पुण्याला परतला. पहिल्या दिवशी संध्याकाळी देवळात दिवा लावून सुभद्राबाई घरी आली. केस विंचरले. ठेवणीतलं लुगडं नेसली. पाटी भिंतीला टेकवून समोर पाटावर बसली. त्या पाटीच्या वरच्या काठाला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक होतं. आवाज आत जायचं भोक ते! तिला वाटलं, हाच तो डोळा. पदरानं हळूच पुसला. फोन वाजला, हिरवं दाबलं, आणि — विश्राम! समोर! हसतोय! म्हातारीला काय करू नि काय नको असं झालं.

‘‘दिसतोस रे! दिसतोस! आणि मी? मी दिसते का?’’

आता विश्रामच्या फोनवर काय दिसत होतं? काळं. पडदाभर काळोख, आणि मधोमध एक गोल, त्यात एक अक्षर — ‘आ’. आईच्या नावाचा आ. आईच्या जागी नुसता आ!

त्या वेळी सांगायला हवं होतं. ‘आई, ह्या टॅबला कॅमेरा नाही गं.’ संपलं असतं. पण मग ती विचारणार — ‘मग अशी का दिलीस रे मला?’ आणि ह्याला उत्तर द्यायची लाज वाटली. मंडळी, लाज चांगली वस्तू आहे, पण वेळेवर वाटली पाहिजे! आणि वाटली तर तोंड उघडलं पाहिजे! ह्यानं काय केलं? ती लाज झाकायला खोटं बोलला.

‘‘दिसतेस की! छान दिसतेस!’’

एवढंसं खोटं! आईला बरं वाटावं म्हणून! कुणाचं काय बिघडलं?

मग रोजचं सुरू झालं. सुभद्राबाई रोज काहीतरी दाखवायची. ‘‘ही काकडी बघ, केवढी लांब!’’ — ‘‘अरे वा!’’ ‘‘गाईला पाडी झाली, ही बघ, कपाळावर चांद आहे.’’ — ‘‘मस्त!’’ ‘‘पडवी सारवली, बघ कशी झाली?’’ — ‘‘छान दिसतेय!’’ वा, मस्त, छान. एवढ्या भांडवलावर त्याचा संसार चालला होता! तिकडे जेवण चाललंय, मांडीवर लॅपटॉप आहे, टीव्हीवर सामना आहे. आईला दिसतंय हं सगळं! ती म्हणायची, ‘‘जेव, जेव, सावकाश जेव. मी बघते.’’

एकदा पंचाईत झाली. म्हणाली, ‘‘लुगड्याचा रंग कसा वाटतो?’’

‘‘हिरवा शोभतो तुला.’’

‘‘हिरवा? अरे, हे जांभळं आहे!’’

आता? पण पोरगा हुशार! ‘‘अगं, इथं पडद्यावर जरा हिरवट दिसतं.’’

‘‘असेल बाबा,’’ म्हणाली. ‘‘लांबून येतं ना.’’

लांबून येतं ना! मंडळी, आपलं खोटं पचवायला आईच आपल्याला मदत करते. ऐकायला बरं वाटतं? मला सांगायलाही बरं वाटत नाही.

दसरा आला. घराघरांत हत्यारांची पूजा. सुभद्राबाईनं कोयती मांडली, विळी मांडली, आणि शेजारी पाटी मांडली. सगळ्यांना गंध लावलं, फूल वाहिलं. पाटीला लावताना मात्र ते भोक बोटानं झाकून धरलं. का? तर, विश्रामच्या डोळ्यात गंध जाईल!

शेजारीण होती, जयवंती घाडी. तोंडानं फटकळ, मनानं लाख. तिला सुभद्राबाई अभिमानानं सांगायची, ‘‘माझा विश्राम मला रोज बघतो. लोकांची मुलं वर्षावर्षात तोंड बघत नाहीत. मला रोज बघतो!’’

कार्तिक आला. भाताची झोडणी सुरू झाली. खळ्यात धूळ, तूस, भुसा. सुभद्राबाई सुपानं वारवत होती, वारा फिरला, आणि एक तूस उडून उजव्या डोळ्यात गेलं. चोळलं. पदराची घडी करून फुंकरीनं शेक दिला. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, पाणी थांबेना.

संध्याकाळी फोन आला. विश्राम ताटावर बसलेला. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला.

‘‘विश्राम, डोळा चुरचुरतोय रे. लाल दिसतो का, बघ जरा.’’

आणि मंडळी, ती पाटीजवळ सरकली. एका हातानं वरची पापणी वर धरली, दुसऱ्या हातानं खालची खाली ओढली, आणि तो दुखरा, ठणकणारा डोळा तिनं त्या भोकाजवळ नेला. पापणी मिटत होती तरी उघडी धरून ठेवली. मुलाला नीट दिसावं म्हणून!

आणि मुलाच्या समोर काय? काळं. आणि ‘आ’.

आता तरी! अरे, आता तरी बोल! सांग की दिसत नाही! ... नाही. पोळीचा तुकडा आमटीत बुडवला आणि म्हणाला,

‘‘जरासाच लाल आहे. झोप झाली नसेल. गार पाणी मार.’’

तिनं गार पाणी मारलं. जयवंती म्हणाली, ‘‘काकी, तालुक्याला चला. डॉक्टरला दाखवू. हे काही बरं नाही.’’ सुभद्राबाई म्हणाली, ‘‘विश्रामनं बघितलाय. जरासाच लाल आहे म्हणाला.’’

‘‘तो काय डॉक्टर आहे?’’

‘‘शिकलेला आहे. आणि जवळून दाखवलाय मी त्याला.’’

चार दिवस गेले. लाली राहिली, ठणका वाढला, आणि बुबुळावर एक पांढरा ठिपका धरला. तांदळाच्या कणीएवढा. आपल्याकडे जुनी माणसं ह्याला काय म्हणतात? आजीला विचारा — ‘फूल पडलं’ म्हणतात! बुबुळावर पांढरं आलं की डोळ्यात फूल पडलं. किती गोड नाव, आणि किती वाईट गोष्ट! वेळेत औषध पडलं तर डोळा वाचतो. नाहीतर ते फूल उमलत जातं, आणि नजर मिटत जाते.

संध्याकाळी फोन. आज ती घाबरलेली होती.

‘‘विश्राम... बघ रे... फूल पडलंय.’’

आता हा कोण? गुरवाचा मुलगा! ह्याच्या घरात ‘फूल पडलंय’ म्हटलं की काय समजतात? कौल! लहानपणापासून हेच ऐकलेलं! समोर आईचा चेहरा असता, तर एका नजरेत कळलं असतं. पण समोर ‘आ’! ह्याला वाटलं, आई देवळातलं काहीतरी सांगतेय.

‘‘फूल पडलं? अरे वा! उजवं की डावं?’’

ती म्हणाली, ‘‘उजव्या...’’

‘‘उजवं पडलं? मग चांगलंच झालं की!’’

तिनं हळूच विचारलं, ‘‘चांगलं झालं?’’

‘‘म्हणजे काय! उजवं पडल्यावर काळजी कसली? आता काही करायला नको. देवीपुढं नारळ ठेव आणि निवांत राहा.’’

थांबा जरा, पेटीवाले. सूर धरू नका इथं. इथं सूर नको.

मंडळी, ती गेली हो देवळात. नारळ ठेवला! एका डोळ्याला पदर लावून, दुसऱ्या डोळ्यानं वाट शोधत गेली आणि नारळ ठेवून आली. तिला कळलं नव्हतं का, की हे उत्तर विचित्र आहे? कळलं असेल. पण मुलानं डोळ्यांनी बघून सांगितलंय! शिकलेल्या मुलानं! मग आपल्यालाच काही ठाऊक नसेल. पूर्वी वाईट असेल, आता औषधं नवीन आहेत, आता चांगलं समजत असतील. अशी तिनं स्वतःची समजूत घातली. तुम्ही म्हणाल, म्हातारी भोळी. भोळी नव्हती! तिचा विश्वास होता, आणि ज्याच्यावर होता तो आमटी ओरपत होता.

तिनं कुणाचं ऐकलं नाही. फूल वाढत वाढत बुबुळभर झालं. मग एका सकाळी तिला उजव्या बाजूचं दारच दिसलं नाही, कपाळ आपटलं. तेव्हा जयवंतीनं विचारलंच नाही! हाताला धरलं, रिक्षात घातलं, तालुक्याला नेलं.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, ‘‘आजी, हा डोळा गेला. ठिपका दिसला तेव्हाच आला असतात तर वाचला असता. कुणाला दाखवलं नाहीत का?’’

सुभद्राबाई म्हणाली, ‘‘दाखवलं. मुलाला रोज दाखवत होते.’’

डॉक्टरांनी औषध घालून पट्टी बांधली. अर्धा चेहरा पट्टीखाली! परत येताना बाजारात सोनाराचं दुकान लागलं. सुभद्राबाईनं तिथून रुप्याचे दोन डोळे घेतले. डोळ्याच्या दुखण्याला देवीला डोळे वाहायचे, हा तिकडचा नवस. म्हणाली, ‘‘डावा तरी राहू दे म्हणून वाहीन.’’

संध्याकाळी जयवंती तिच्याजवळच बसली. ‘‘आज मी बोलते त्याच्याशी,’’ म्हणाली. ‘‘असा कसा बघत होता, विचारतेच!’’ फोन वाजला. जयवंती अजून बाजूला, भिंतीकडे. सुभद्राबाई समोर. कपाळापासून गालापर्यंत पांढरी पट्टी. ती मनात जुळवत होती — ह्याला धक्का बसेल, कसं सांगू, रडू नको म्हणू का...

तिनं हिरवं दाबलं. विश्राम आला. हसला. म्हणाला,

‘‘अरे वा! आज चेहरा अगदी टवटवीत दिसतोय!’’

...

जयवंतीचं तोंड उघडं ते उघडंच. तिनं आपला फोन काढला, त्याचा कॅमेरा बघितला, मग पाटी बघितली. वर बघितलं, खाली बघितलं, मागं बघितलं. आणि तिला उमगलं. ती ओरडणार, एवढ्यात सुभद्राबाईनं हात उचलला आणि तिच्या तोंडावर ठेवला. आणि त्या माउलीनं पाटीकडे बघून काय विचारलं असेल?

‘‘जेवलास का रे?’’

फोन संपला. जयवंती नुसती पेटली! ‘‘काकी, ह्या टॅबला डोळाच नाही! हा तुम्हाला कधी बघतच नव्हता! एक दिवस नाही! मी आत्ता फोन लावते आणि त्याची—’’

‘‘नको,’’ सुभद्राबाई म्हणाली. ‘‘गावात बोलू नकोस. तुला देवीची शपथ.’’

‘‘का? का नको? तुमचा डोळा गेला त्याच्यापायी!’’

‘‘माघात देवीचे डोळे त्याच हातांनी बसवायचेत. लोक काय म्हणतील? आईला बघितल्याचं खोटं सांगणारा हा, देवीला काय डोळे बसवणार? त्याचा मान जाईल गं.’’

मान! स्वतःचा डोळा गेला, आणि ही बाई मुलाचा मान सांभाळत बसली होती! जयवंती रागानं रडायला लागली. आणि सुभद्राबाईनं काय केलं? चुलीच्या निखाऱ्यावर मेण मऊ केलं. बाजारातून आणलेले ते रुप्याचे डोळे, देवीला वाहायला आणलेले, ते घेतले. आणि पाटीच्या वरच्या काठाला एक इकडे, एक तिकडे, दाबून बसवले.

जयवंती म्हणाली, ‘‘अहो, हे काय करताय? हे देवीचे ना?’’

‘‘देवीला तिचे आहेत. विश्रामला नाहीत.’’

‘‘अहो, पण त्यानं दिसणार आहे का त्याला?’’

सुभद्राबाई म्हणाली, ‘‘दगडाला बसवले तर दगड बघतो. बसू देत.’’

आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच! केस विंचरून समोर बसायची. ‘‘हे बघ, ते बघ.’’ — ‘‘वा, मस्त, छान.’’

माघ आला. विश्राम आला. नवं धोतर, नवा शेला, मान घ्यायला आला. अंगणात आई उभी. हा वाकला, पाया पडला, उठून तोंडाकडे बघितलं, आणि... उजव्या बुबुळाच्या जागी पांढरं. सगळं पांढरं.

‘‘आई! हे काय? हे कधी झालं?’’

ती साधेपणानं म्हणाली, ‘‘फूल पडलं होतं ना. तुला दाखवलं होतं रे. उजव्या.’’

उजव्या! मंडळी, त्याच्या कानात तो शब्द परत आला. फूल. उजवं. चांगलंच झालं की! नारळ ठेव! सगळं त्याचंच बोलणं, त्याच्याच आवाजात. तोंड लपवायला घरात शिरला, आणि समोर भिंतीला टेकवलेली पाटी. पाटीला डोळे! रुप्याचे, लखलखीत, उघडे! आणि ते त्याच्याकडे बघताहेत!

त्याला कळलं, आईला कळलंय. आणि हेही कळलं, की तिला कळूनही ती रोज केस विंचरून समोर बसत होती.

ती मागून येऊन म्हणाली, ‘‘चल. लोक खोळंबलेत.’’

एक शिवी नाही! एक बोल नाही! अरे, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं त्याला!

देऊळ भरलेलं. शिळेवरचे डोळे काढून धुऊन ठेवलेले. विश्रामनं मेण घेतलं, डोळा उचलला, लावला, आणि तो निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला! लोकांत कुजबुज सुरू झाली. असं कधी झालं नव्हतं. आई गर्दीतून पुढं आली, आणि त्याच्या हाताखाली आपला हात धरला. दोघांच्या हातांनी डोळे बसले.

आता तिथली रीत अशी, की डोळे बसल्यावर देवीची पहिली नजर गुरवावर पडते. म्हणून त्यानं मान वर करायची, तिच्या डोळ्यांत बघायचं, आणि सगळ्या गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचं. सगळं गाव हात जोडून उभं. विश्रामनं मान वर केली... आणि खाली घातली. पुन्हा केली... पुन्हा खाली. ‘‘आई गं,’’ म्हणाला, गाऱ्हाण्याची सुरुवातच तशी असते. पण पुढचं गाऱ्हाणं आलंच नाही. आलं ते असं —

‘‘आई गं, मला दिसत नव्हतं. मी दिसतंय म्हणालो. रोज म्हणालो.’’

आणि खाली बसला, शेल्यात तोंड खुपसून. गावाला काही कळेना, गाऱ्हाणं कुठल्या आईला घातलं. जयवंतीला कळलं. आणि सुभद्राबाईला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘ऊठ. आता गावाचं माग.’’

तो उठला. गावाचं मागितलं. स्वतःसाठी काही मागितलं नाही.

जाताना म्हणाला, ‘‘आई, नवी पाठवतो. कॅमेऱ्याची, चांगली.’’ ती म्हणाली, ‘‘नको. हीच राहू दे. हिला डोळे मी बसवलेत.’’

अजून तीच पाटी आहे, मंडळी! अजून रोज संध्याकाळी फोन येतो. अजून त्याच्यासमोर काळं आणि ‘आ’. पण आता तो ताटावरून उठून, हात धुऊन बसतो. आणि पहिलं वाक्य काय म्हणतो? ‘‘आई, तू मला दिसत नाहीस. सांग, कशी आहेस?’’ आणि ती सांगते. गुडघा सांगते, डावा डोळा सांगते, पाडीला शिंगं फुटली ते सांगते. आणि हा ऐकतो. आणि दोन-तीन आठवड्यांनी उठून गाडीत बसतो, बघायला जातो.

तर कुणी उत्तर दिलं होतं मघाशी? तुम्ही ना? सांगा आता, टॅबला कॅमेरा लागतो का? गप्प का? आणि बाकीचे कशाला हसताय? तुमच्या फोनला तर पुढं डोळा, मागं डोळे, मागं तर तीन तीन डोळे! मग सांगा, तुमच्या आईच्या कुठल्या पायाला सूज आहे? उजव्या की डाव्या? गेल्या वेळी ती ‘हे बघ’ म्हणाली, तेव्हा तुम्ही काय बघत होता? ‘वा, मस्त, छान’ — हे तिन्ही शब्द ह्या मांडवात कुणी कुणी वापरलेत, हात वर करा. नका करू. मला दिसायची गरज नाही. समोर देवी बसलीय ना, तिला दिसतंय.

विश्रामजवळ निदान सबब होती, की टॅबला डोळा नव्हता. आपल्याजवळ तीही नाही.

उठा. आरती लावा. टाळ घ्या. आणि आज एक करा. आरतीला आपण सगळे डोळे मिटतो ना? आज मिटायचे नाहीत. कुणीही नाही! उघडे ठेवायचे, आणि आईच्या डोळ्यांकडे सरळ बघायचं. बघवलं तर उत्तम. नाही बघवलं, मान खाली गेली, तर का गेली ते इथं मला सांगू नका. घरी जा, फोन लावा, आणि जिला सांगायचंय तिला सांगा.